पाच दिवसांची पट्टी

मी जखमेवर लावायची पट्टी. कापसाची नाही, कापडाचीही नाही, जेलची. माझं अंग बहुतेक पाण्याचंच होतं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं पाणी आता उडून गेलंय. जोगेश्वरीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, तुळशीच्या कुंडीमागे मी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पडून आहे. सकाळी तुळशीला पाणी घालताना दोन-चार थेंब माझ्यावर उडतात. तेवढ्यापुरता माझा एक कोपरा फुगतो, मऊ होतो. त्या मऊ कोपऱ्याच्या जोरावर मी हे बोलतेय, तेव्हा फार लांबण लावणार नाही.

माझ्यावर एक आळ आलाय. तो खोटा आहे हे या घरातल्या तिघांना पक्कं ठाऊक आहे. चौथ्याला कळू नये म्हणून तिघंही गप्प आहेत. त्यांचं मला पटतं, पण वाईट वाटायचं ते वाटतंच. म्हणून निदान तुम्हाला तरी सांगून ठेवते.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. खाली दिवसभर पत्रा कापण्याचा खणखणाट, आणि वर आमचा कारखाना. कारखाना कसला, दोन खोल्या. पण आत जायचं तर टोपी, मास्क, हातमोजे आणि पायाला पिशव्या. तिथं जान्हवी काम करते. पिठल्यात गुठळी होऊ नये म्हणून बायका जशा एका हातानं पीठ सोडतात नि दुसऱ्यानं ढवळतात, तशी ती कोमट पाण्यात पावडर सोडत होती. त्यात जंतू मारणारं औषध अगदी मापून पडलं. मग मला ट्रेमध्ये ओतलं, तीनदा गोठवलं आणि तीनदा वितळू दिलं. त्या छळातूनच माझ्या अंगात बारीक जाळी तयार झाली. पाणी धरून ठेवणारी जाळी, आणि औषधही.

सगळ्या मुंबईला घाई असताना मला मात्र मुद्दाम सावकाश बनवलेलं आहे. जखमेवर बसायचं आणि पाच दिवस औषध थोडं थोडं झिरपू द्यायचं, एकदम ओकायचं नाही. जखमेतलं घाण पाणी आपण पिऊन घ्यायचं, पण तिला कोरडी पडू द्यायची नाही. ओलाव्यातच नवं मांस धरतं. हे माणसांना सहजी पटत नाही, कारण जखम म्हटली की ती सुकली पाहिजे, हेच त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं.

तयार झाल्यावर जान्हवीनं मला दोन्ही हातांत धरून ट्यूबलाइटसमोर उचललं. एकही बुडबुडा चालत नाही. दिसला की पट्टी लाल डब्यात. नसला की ती तोंडातल्या तोंडात म्हणते, "पास." ऐकायला कुणी नसतं, तिची आपली सवय. मलाही ती तसंच म्हणाली. मग मी पाकिटात गेले, बाहेर कुठंतरी किरणांखालून जंतुविरहित होऊन परत आले आणि खोक्यात पडून राहिले.

एके दिवशी कारखान्याचे मालक केयूरभाई तिला म्हणाले, "जान्हवी, बाबांचा पाय कसा आहे?"

"डॉक्टर म्हणतात शनिवारी बघू. लाल मांस दिसायला लागलं तर ठीक. नाहीतर अंगठा काढायचा." एवढं बोलून ती दुसरीकडे बघायला लागली.

"अरे, मग आपली पट्टी ने ना. डॉक्टरांना विचारून घे. आणि पास झालेल्या लॉटमधली ने हां, रिजेक्टमधली नको."

तिनं डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले. मग तिनं खोक्यातली पाकिटं चाळून स्वतःच्या पाळीतला लॉट शोधला आणि त्यातली दोन पाकिटं पर्समध्ये टाकली. एक माझं, एक माझ्या बहिणीचं. मला काय मिरवल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

जान्हवीचे वडील जयवंतराव मूळचे कुडाळकडचे. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका सोसायटीत वीस वर्षं लिफ्टमन. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी बस पकडून आरे कॉलनीत जायचे, झाडांतून पायी फिरायचे, तबेल्यातल्या म्हशींशी गप्पा मारून घरी यायचे. गावाकडचा माणूस, त्याला शेणाचा वास हवा. असंच एकदा चपलेत खडा गेला. सगळी सकाळ ते त्या खड्यावर चालले. पंधरा वर्षांच्या शुगरनं पावलाची जाणीवच गेलेली. घरी आल्यावर बायकोनं, वनमालाबाईंनी, लादीवरचे रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा कळलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली होती. पुढे ती खोल गेली.

सोमवारी सकाळी शकूताई आल्या. दवाखान्यात नर्स होत्या, आता त्याच भागात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करतात. त्यांनी जखम धुतली, मला पाकिटातून काढलं आणि अलगद बसवलं. वरून चिकटपट्टी, आणि तिच्यावर पेनानं दोन वार लिहिले. सोम ते शनि.

"काका, नीट ऐका. ही आता फुगेल, पिवळी पडेल, वासही येईल. तो पू नाही. घाबरून उचलायची नाही. मी काढीन शनिवारी. कळलं ना?"

"कळला," जयवंतराव म्हणाले.

मी कामाला लागले. जखम खोल होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. शेजारीच, पावलाच्या वरच्या बाजूला, एक जुना लांब वण होता. तो कशाचा ते मला नंतर समजलं.

आपल्या माणसांची एक रीत मला इथं आल्यावर कळली. आजाऱ्याला बघायला यायचं म्हणजे नुसतं माणसाला बघून भागत नाही, दुखणं बघायचं असतं. शहाळं टेबलावर ठेवायचं, खुर्ची पुढे ओढायची आणि म्हणायचं, "बघू, कसं आहे?" माझ्याआधी इथं गॉजचं साधं जाळीदार कापड होतं, तर ते म्हणे एका दिवसात आठदा उघडलं गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर जयवंतरावांनाही ते आवडायचं. निवृत्त माणसाकडे कोण येतं? जखम झाल्यापासून घर भरलेलं होतं. ते हौसेनं पाय पुढे करायचे.

मी आल्यावर मात्र वनमालाबाईंनी कंबर कसली. लसणाचं ताट मांडीवर घेऊन त्या पलंगाच्या पायथ्याशीच बसू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या जयंतीवहिनी आल्या, वाकल्या, हात पुढे केला.

"वहिनी, हात नाही लावायचा."

"अगं, जरा बघते फक्त."

"शनिवारी या. शनिवारी सगळ्यांना दाखवणार आहोत."

जयंतीवहिनी फुरंगटून गेल्या. मंगळवारी आणखी चौघं तसेच परत गेले. त्या बाईनं माझ्यासाठी अर्ध्या इमारतीशी वाकडं घेतलं, हे मी विसरणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी फुगले, पिवळी पडले. जयवंतराव पाय उचलून बराच वेळ निरखत राहिले. मग म्हणाले, "शकूबाईनी सांगितलाहा तसाच होताहा." आणि त्यांनी पाय खाली ठेवला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

बुधवारी सकाळी ते घडलं. जखमेच्या एका कडेला, माझ्या खालच्या अंगाला काहीतरी मऊ, उबदार टेकलं. रवाळ, लालचुटूक. नवं मांस! डॉक्टरांना शनिवारी जे बघायचं होतं, ते एका कडेला उगवायला लागलं होतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, फक्त मला. सांगू कुणाला आणि कशी? मी औषध झिरपवत राहिले, आणि मनाशी दिवस मोजत राहिले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. फक्त तीन.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात सहदेवकाका, जयवंतरावांचे थोरले भाऊ. गावाहून बसनं आलेले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कोकमाच्या आगळाची बाटली. वनमालाबाईंनी चटकन पदर डोक्यावर घेतला आणि लसणाचं ताट उचलून त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. थोरल्या दिरासमोर त्या कधी बसत नाहीत आणि समोरासमोर बोलतही नाहीत. चाळीस वर्षांचा तो रिवाज.

"कसो आसस रे?" काका पलंगावर बसले आणि त्यांनी धाकट्या भावाचा पाय मांडीवर घेतला. त्या जुन्या वणावरून अंगठा फिरवला. "ह्यो आठवता?"

"आठवता तर."

जयवंतराव नऊ वर्षांचे असताना शेतात कोयता पायावर पडला होता. रस्ता नव्हता, गाडी नव्हती. सहदेव तेव्हा सतराचा. त्यानं भावाला खांद्यावर घालून घरी आणला आणि झाडपाल्याची पूड भरभरून तो पाय बरा केला. पुढे हाच सहदेव गावात शेतीला जुंपून राहिला आणि धाकट्याला गिरणीत पाठवलं. जयवंतरावांच्या आयुष्यात जे काही बरं आहे ते दादामुळे, असं ते उठताबसता सांगतात.

आता काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ह्यां काय? पू भरलोहा हो!"

"पू नाय तो, दादा. पट्टी तशीच होता. शनवारपर्यंत उघडूची नाय असा सांगितलाहा."

"सांगणाऱ्याचा काय जाता? पाण्यात बुडवून ठेवलेलो घाव सुकतलो कसो? ह्यो पाय मी एकदा बरो केलंय रे." त्यांनी खिशातून पितळेची छोटी डबी काढली. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं आवाज दिला. "वायच पाणी गरम करा."

मी वनमालाबाईंकडे पाहिलं. माझ्यासाठी अर्ध्या इमारतीशी भांडलेली ती बाई. त्यांचे ओठ हलले, मी शपथेवर सांगते, हलले. पण शब्द आला नाही. त्या आत वळल्या आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

जयवंतरावांनी अजून एकदा "दादा" म्हटलं. तेवढंच. मग त्यांनी डोळे मिटले.

काकांनी चिकटपट्टी सोडवली. सोम ते शनि लिहिलेलं त्यांच्या बोटांत चुरगळलं. मला एका कडेनं उचललं, आणि ज्या कडेला नवं मांस धरलं होतं तिथंच मी घट्ट चिकटले होते. मी सोडत नव्हते. ओढल्यावर सुटले, पण ते लाल कण माझ्याबरोबर निघून आले.

काका वाकून बघत होते. "बघ, लाल आसा. कच्चो आसा घाव," ते म्हणाले. "माका वाटलाच."

देवा, ते लाल बघायला तर डॉक्टर शनिवारची वाट बघत होते!

त्यांनी गरम पाण्यानं जखम धुतली, फडक्यानं खसाखसा पुसून कोरडी केली, पूड दाबून भरली आणि टेबलफॅन जमिनीवर आणून पायासमोर लावला. सगळं अगदी मायेनं. एवढ्या मायेनं कुणी कुणाचं वाटोळं केलेलं मी पाहिलेलं नाही. मला ते गुंडाळून टाकायला निघाले, तेव्हा जयवंतराव म्हणाले, "टाकू नको हां. जान्हवीक दाखवूक व्हयी." म्हणून मी इथं खिडकीत आले.

संध्याकाळी जान्हवी आली. काका खाली फेरी मारायला गेले होते. तिनं पंखा पाहिला, पाय पाहिला, आणि पर्स खांद्यावरून खाली घसरली तरी तिला कळलं नाही.

"आई, तू होतीस ना घरात?"

"होतंय गो."

"मग?"

"मोठे आसत ते. त्यांच्यासमोर आजवर मी तोंड उघडूक नाय. आज काय उघडतलंय?" वनमालाबाई पदराच्या टोकाला पीळ घालत राहिल्या.

जान्हवी खिडकीशी आली. मला उलटं केलं आणि माझ्या खालच्या कडेचा लाल ठसा पाहिला. कारखान्याच्या भिंतीवर जखम भरण्याच्या चित्रांचा मोठा तक्ता आहे, तो ती रोज बघते. तिला लगेच कळलं. ती खिडकीच्या कठड्याला धरून खाली बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

शकूताई धावत आल्या. पूड जमेल तेवढी काढली, पण आत गेलेली गेलीच. कडा वाळून तडकल्या होत्या. त्यांनी माझ्या बहिणीला लावलं. तिनं बिचारीनं खूप धडपड केली असणार. गुरुवारी पाय सुजला, ताप चढला. शुक्रवारी हॉस्पिटल. शनिवारी, ज्या दिवशी मला उघडायचं होतं त्या दिवशी, अंगठा काढला.

मी असते तर तो वाचलाच असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. शुगरच्या पायाचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरही म्हणाले, हे जान्हवीनं आईला सांगताना मी ऐकलं. पण पाच दिवसांचं काम घेऊन मी आले होते आणि मला दोनच दिवस मिळाले. उरलेल्या तीन दिवसांचं औषध अजून माझ्या अंगात तसंच आहे. ते आता कुणाच्या उपयोगाचं नाही.

जयवंतराव घरी आले त्या दिवशी त्यांनी दारात चप्पल घालून बघितली. अंगठ्याची चप्पल, आणि धरायला अंगठा नाही. दोन पावलांत ती पायातून निसटून बाजूला गेली. त्यांनी ती हातात घेतली, झटकली आणि कपाटाखाली सरकवली. आरेचं नाव त्यानंतर घरात निघालेलं नाही.

सहदेवकाका तेव्हापासून इथंच होते. हॉस्पिटलात भावाच्या उशाशी तेच बसले, कपडे त्यांनीच धुतले. पण जेवणाच्या ताटावरून ते अर्ध्यात उठायचे. दुपारी या खिडकीशी येऊन उभे राहायचे, खिशातली डबी बोटांनी चाचपायचे. माझ्यापासून वीतभर अंतरावर. बहात्तर वर्षांचा माणूस, पण तेव्हा हरवलेल्या पोरासारखा दिसायचा. मला त्यांचा राग होता, अजून आहे. तरी त्यांचं ते चाचपणं माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

काल संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली. आज पहाटेची बस होती. पिशवीचा बंद बांधता बांधता ते थांबले, आणि भावाकडे न बघताच त्यांनी विचारलं.

"जयवंता, खरा सांग. माझ्या पुडीन तर नाय ना झाला?"

वनमालाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. जान्हवी नुकतीच कामावरून येऊन पाणी पीत होती.

"नाय रे दादा," जयवंतराव म्हणाले. "तुझा काय चुकला नाय. ती पट्टीच खराब निघाली."

काकांनी मान वर केली. "खराच?" मग ते जान्हवीकडे वळले. "खराच गो? तू तर थयसरच कामाक आसस."

जान्हवीनं पेला खाली ठेवला. तिनं बापाकडे पाहिलं. जयवंतरावांच्या नजरेत जी विनवणी होती, तशी डॉक्टरांसमोरही नव्हती. तिच्याच हातांनी मला ढवळलं होतं. तिनंच खोकं चाळून मला निवडलं होतं.

"हो काका," ती म्हणाली. "त्या लॉटमध्येच खोट होती. सगळा लॉट परत मागवलाय."

काकांनी केवढा मोठा श्वास सोडला! दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. आणि मग, सुटल्याच्या भरात, ते रागानं म्हणाले, "असल्यो पट्ट्यो करतत तरी कशाक गो? माणसाचो पाय गेलो. करणाऱ्याक हात नाय काय?"

जान्हवीनं पेला उचलला, विसळला आणि पालथा घातला. काका मात्र काल पोटभर जेवले. वनमालाबाईंनी न विचारता त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला.

तर हा माझ्यावरचा आळ. माझ्यात खोट नव्हती. ना माझ्यात, ना करणाऱ्या हातांत. पण हे त्या म्हाताऱ्याला कधीच कळू नये, असं आता मलाही वाटतं. अंगठा गेला तो गेला, पुन्हा भाऊही जायचा. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. कुणाला बघायला गेलात तर बसा, चार गोष्टी बोला, त्याचा हात हातात घ्या. पट्टीला हात लावू नका. आत काय चाललंय ते तिला करू द्या.

आज पहाटे काका गेले. आता जान्हवी तांब्या घेऊन तुळशीपाशी आली आहे. थेंब उडाले, कोपरा भिजला. आज मात्र तिनं तांब्या खाली ठेवलाय आणि वापरलेल्या पट्ट्या टाकायला शकूताईंनी दिलेली पिवळी पिशवी काढली आहे. मला त्यातच जायचंय. तिनं मला वर्तमानपत्रावरून सोडवलंय, दोन्ही हातांत धरलंय, आणि खिडकीच्या उजेडासमोर उचललंय. मी पिवळी पडलेली, वाळलेली, आकसलेली. आरपार काही दिसत नसणार. तरी ती बघते आहे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, कामावर बघते तशीच.

"पास," ती तोंडातल्या तोंडात म्हणते, आणि मला पिशवीत ठेवते.